उत्तर आणि उत्तरदायित्व : आंतरजालावरील हौशी माणसाची नीती

१

'हौस' या शब्दाला मराठी विचारविश्वात फारशी प्रतिष्ठा लाभलेली नाही. जो व्यावसायिक नाही तो हौशी, अशी या संज्ञेची अभावात्मक व्याख्याच आपण बहुधा गृहीत धरतो. नाट्यसमीक्षेने तिच्याकडे थोडे अधिक आस्थेने पाहिले. १९५४ पासून चालत आलेल्या राज्य नाट्यस्पर्धेमुळे 'हौशी रंगभूमी' ही एक स्वतंत्र परंपरा मानली गेली आणि तिकीटविक्रीचा हिशेब सांभाळणाऱ्यांना जे धाडस परवडले नसते ते या मंडळींनी केले, हे समीक्षकांनी मान्य केले. परंतु तेथेही हौसेचा विचार झाला तो मुख्यतः कलामूल्याच्या अंगाने. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता आणि कोणी सांगितलेले नसता एखादी गोष्ट जीव लावून करणे, यात माणसांच्या परस्परसंबंधांविषयी काही दडलेले असते काय, म्हणजेच हौस ही एक नैतिक कोटी होऊ शकते काय, हा प्रश्न बाजूलाच राहिला. प्रस्तुत लेखात तो विचारावयाचा आहे. मात्र नाटकवेड्या माणसाच्या नव्हे, तर तंत्रवेड्या माणसाच्या संदर्भात.

हा माणूस कोठे राहतो हे अगोदर ठरवून घेणे इष्ट. आंतरजालाविषयी बोलू लागले की माणसे कोठेच राहत नाहीत असे आपण नकळत धरून चालतो. तो काळेवाडीत राहतो असे मानू. पवनेच्या एका काठावर पिंपरी आणि दुसऱ्या काठावर काळेवाडी. पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पुढच्या दशकात आकुर्डीला बजाजचा आणि पिंपरीला टेल्कोचा कारखाना आला. १९८२ साली पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली. कारखान्यांनी माणसे बोलावली आणि त्यांच्या निवाऱ्यासाठी आसपासच्या शेतांचे गुंठे पडले. मराठवाडा, खानदेश, विदर्भ येथून आलेल्या कुटुंबांनी त्या गुंठ्यांवर एकमेकींना चिकटून घरे बांधली आणि ऐपतीप्रमाणे मजले चढवले. कालांतराने एका बाजूस हिंजवडीचे माहिती-तंत्रज्ञानाचे संकुल उभे राहिले, तर दुसऱ्या बाजूस चाकणचे मोटारींचे कारखाने. लोखंड कापणारी यंत्रे आणि आज्ञावली लिहिणारे संगणक यांच्या मधोमध राहणारी ही वस्ती आहे.

आपला हौशी माणूस चाकणच्या एखाद्या कारखान्यात देखभाल विभागात काम करतो. (ही व्यक्ती काल्पनिक आहे, तिच्यासारख्या अनेकांच्या दिनक्रमातून ती जुळवलेली आहे.) पाळी संपवून घरी आल्यावर तो जुना लॅपटॉप उघडतो, भंगारच्या दुकानातून आणलेल्या सुट्या भागांनी तो पुन्हा चालता करतो, त्यावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती चढवून पाहतो. निर्मात्याने वाऱ्यावर सोडलेल्या फोनला आणखी दोन वर्षांचे आयुष्य कसे देता येईल याचा शोध घेतो. आणि रात्री अकराच्या सुमारास, घर झोपल्यावर, अनोळखी माणसांच्या प्रश्नांना उत्तरे लिहीत बसतो. कोणी नागपूरहून विचारलेले असते, कोणी न्यू जर्सीहून. त्या माणसांना त्याने पाहिलेले नाही, बहुधा कधी पाहणारही नाही. तरीही तो लिहितो. का लिहितो, आणि लिहिल्यामुळे त्याच्यावर काय येऊन पडते, हे आपले दोन प्रश्न आहेत.

२

तांत्रिक प्रश्नाला दिलेले उत्तर हा एक लेखनप्रकार आहे, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. त्याला स्वतःची रचना आहे. प्रश्नकर्ता लक्षणे सांगतो. उत्तर देणारा लगेच उपाय न सांगता प्रतिप्रश्न करतो : कोणती आवृत्ती आहे? आधी काय करून पाहिले? पडद्यावर नेमका कोणता मजकूर येतो? मग क्रमाक्रमाने उपाय, मध्ये एखादा इशारा ('ही पायरी घेण्यापूर्वी सगळ्याची प्रत काढून ठेवा'), आणि शेवटी एक छोटे वाक्य : 'जमले का ते कळवा'. हे शेवटचे वाक्य नीतीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. पाठ्यपुस्तक ते लिहीत नाही. उपकरणासोबत येणारी माहितीपुस्तिकाही लिहीत नाही. उत्तर देऊन माझे काम संपलेले नाही, ते तुझ्या हाती कसे उतरले याच्याशी माझा संबंध आहे, असे ते वाक्य सांगते.

मराठीपुरते बोलायचे तर अशा उत्तरांचे आपल्या लेखनव्यवहारावर मोठे ऋण आहे. १९९६ साली अमेरिकेतील मराठी माणसांच्या पुढाकाराने 'मायबोली' सुरू झाली. १ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. त्या दशकात 'मनोगत', 'उपक्रम', 'मिसळपाव' ही संकेतस्थळे आली. आरंभीच्या काळात आंतरजालावरील मराठी बरीचशी रोमन लिपीतच लिहिली जाई. देवनागरीसाठी प्रत्येक कंपनीचा फॉन्ट वेगळा आणि प्रत्येक फॉन्टचे संकेत वेगळे. एका संगणकावरचा मजकूर दुसऱ्यावर उघडला की अक्षरांची रांगोळी फिसकटून जात असे. युनिकोडमुळे ही अडचण तत्त्वतः दूर झाली. पण तत्त्व आणि कळफलक यांच्यात बरेच अंतर होते. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' या दोन शब्दांतला भेद मराठी माणसाला पानावर सहज दिसतो. पहिल्यात गुरू आहेत आणि दुसऱ्यात स्वयंपाकी. हा दुसरा, आडवा 'र' संगणकावर उमटवायचा कसा? बिंदूयुक्त 'ऱ' घेऊन त्याचा पाय मोडावा, ही युक्ती आज अनेकांना ठाऊक आहे. तसेच 'ॲ' या अक्षराचे. त्याला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली. तोवर 'अ', मध्ये एक अदृश्य सांधा आणि वर चंद्र अशी जुळवाजुळव करावी लागे. या युक्त्या विद्यापीठीय मराठी विभागांतून फारशा पसरल्या नाहीत. त्या एका हौशी माणसाने दुसऱ्याला सांगितल्या आणि दुसऱ्याने पुढच्या दहांना. आज हा मजकूर वाचणाऱ्या कोणाही अभ्यासकाने आपला प्रबंध संगणकावर लिहिला असेल, तर त्याच्या प्रत्येक पानावर अशा अनाम उत्तरांचे ठसे आहेत.

मिखाईल बाख्तिन यांचे पहिले प्रकाशित टिपण १९१९ सालचे. जेमतेम एकदोन पानांच्या त्या टिपणाचा विषय कला आणि उत्तरदायित्व हा आहे. रशियन भाषेत उत्तरदायित्वासाठी असलेला शब्द 'उत्तर' या अर्थाच्या शब्दापासूनच घडलेला आहे, आणि योगायोग असा की मराठीतही तसेच आहे. बाख्तिन यांचे म्हणणे साधारण असे : कलेत मला जे उमगले त्याचे उत्तर मला माझ्या जगण्याने द्यावे लागते, तसे झाले नाही तर कला आणि जीवन एकाच माणसात शेजारी शेजारी राहतात, पण एकमेकांना ओळखत नाहीत. हा विचार कलेपुरता मर्यादित ठेवण्याचे कारण नाही. जो कोणी उत्तर देतो, तो त्या उत्तराला बांधील होतो. दिलेले उत्तर चुकीचे ठरले आणि त्यापायी दूरच्या कोणाची दहा वर्षांची छायाचित्रे पुसली गेली, तर ते 'घडले' एवढेच म्हणून भागत नाही. ते कोणीतरी सांगितल्यामुळे घडले.

येथे देखभाल विभागातला माणूस आपल्याला एक गोष्ट शिकवू शकतो. यंत्र एकदा बसवले म्हणजे काम संपले असे तो कधीच मानत नाही. बसवण्यापेक्षा चालते ठेवणे अधिक कठीण, हे त्याला रोज दिसते. उत्तराचेही तसेच आहे. आज अचूक असलेले उत्तर आज्ञावलीची पुढची आवृत्ती आली की निरुपयोगी होते, क्वचित घातकही ठरते. म्हणून काही हौशी माणसे चार-पाच वर्षांनी आपल्याच जुन्या उत्तराकडे परत येतात आणि वर एक ओळ लिहून जातात : 'हा उपाय आता लागू नाही, खालचा पाहावा'. ही ओळ लिहिताना टाळी मिळत नाही, कोणी विचारलेलेही नसते. उत्तरदायित्वाची सर्वांत शुद्ध खूण कोणती असे विचारले, तर मी या ओळीकडे बोट दाखवीन. उत्तर देणे ही हौस आहे. उत्तराकडे परत येणे हे उत्तरदायित्व आहे.

३

परंतु परत येतो तो कोण? आंतरजालावर माणूस बहुधा घेतलेल्या नावाने वावरतो. ज्याने स्वतःचे नावच लपवले त्याला उत्तरदायी कसे धरायचे, हा आक्षेप स्वाभाविक आहे. मराठी साहित्याच्या अभ्यासकाने मात्र तो घाईने मान्य करू नये, कारण घेतलेल्या नावांची परंपरा आपल्याइतकी कोणाजवळ नांदली असेल याची शंकाच आहे. राम गणेश गडकरी यांनी नाटके स्वतःच्या नावाने लिहिली, कविता 'गोविंदाग्रज' म्हणून आणि विनोद 'बाळकराम' म्हणून. तीन नावे म्हणजे तीन पळवाटा नव्हत्या. ती तीन पदे होती आणि प्रत्येक पदाची आपापली जबाबदारी होती. 'ललित'मधून वर्षानुवर्षे साहित्यिकांची खिल्ली उडवणारे 'ठणठणपाळ' हे जयवंत दळवी आहेत हे पुढे सर्वांना ठाऊक झाले, तरी ठणठणपाळाच्या विधानांची तपासणी ठणठणपाळाच्या लौकिकावरच होत राहिली.

त्याहून जुने उदाहरण काळेवाडीपासून फार लांब नाही. देहू आणि आळंदी ही दोन्ही क्षेत्रे या औद्योगिक पट्ट्याच्या कुशीत आहेत, आणि तुकोबांची पालखी दर आषाढीला आकुर्डीच्या मुक्कामानंतर पिंपरीवरून पुण्याकडे जाते. अभंगाच्या शेवटी येणारी नाममुद्रा ही वरवर कर्त्याची सही वाटते. पण 'नामा' या मुद्रेखाली ज्ञानदेवांचे समकालीन नामदेव आणि नंतरचे विष्णुदास नामा यांच्या रचना मिसळून गेल्या आहेत, आणि तुकोबांच्या नावावर रूढ असलेल्या अभंगांतले कोणते मूळचे, हा पाठचिकित्सेचा जुना प्रश्न आहे. या परंपरेत मुद्रा म्हणजे मालकीहक्काची नोंद नाही. ती एका बोलण्याची हमी आहे. त्या मुद्रेखाली बोलणाऱ्याने त्या मुद्रेला शोभेल असेच बोलले पाहिजे. आंतरजालावर दहा वर्षे एकाच घेतलेल्या नावाने उत्तरे देणाऱ्याची स्थिती फारशी वेगळी नसते. ते नाव खोटे असेल, पण त्या नावाचा लौकिक खरा असतो, आणि तो गमावण्याची भीतीही खरी असते.

मराठी समाजात या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. आपल्याकडे आडनाव हे केवळ आडनाव नसते. ते ऐकताच ऐकणारा मनातल्या मनात जातीची नोंद करतो. घेतलेले नाव ही नोंद पुढे ढकलते. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बरोबर आहे की नाही एवढेच आधी पाहिले जाते. सांगणारा कोण हे मागाहून, किंवा कधीच नाही. ज्याच्या आजोबांना ज्ञानाच्या दारात उभे केले जात नव्हते, त्याला ही काही क्षणांची निनावी समता क्षुल्लक वाटणार नाही. मराठी संकेतस्थळांवर घेतलेल्या नावापुढे 'राव', 'पंत', 'ताई', 'काका' अशी नाती जोडली जातात. आडनाव गळून पडल्यावर माणसे नात्याची रिकामी जागा आपल्या परीने भरून काढतात, असेच याला म्हणावे लागेल.

अर्थात ही समता टिकाऊ असेलच असे नाही. नाव लपले तरी भाषा लपत नाही. 'पाणी' ऐवजी 'पानी' लिहिले, एखादा ऱ्हस्व दीर्घ झाला, की प्रश्न बाजूला राहतो आणि शुद्धलेखनाची शिकवणी सुरू होते. साहित्य महामंडळाचे १९६२ चे नियम लेखनात एकवाक्यता यावी म्हणून झाले. पण कोणाला बोलू द्यायचे आणि कोणाला हसायचे हे ठरवण्यासाठीही त्यांचा वापर होऊ शकतो. स्त्रीचे नाव दिसताच उत्तराचा सूर बदलतो, हेही तेथे वावरणाऱ्या स्त्रिया जाणतात. अनेक जणी म्हणूनच लिंगनिरपेक्ष नाव घेतात. ज्या आवरणाने एकाला समतेची संधी मिळते, त्याच आवरणाआडून दुसरा दगड मारतो. तेव्हा टोपणनाव हे स्वतः ना नैतिक ना अनैतिक. ते टिकवले जाते की वापरून फेकून दिले जाते, यावर त्याची नीती ठरते. रोज नवे नाव घेणारा लपतो; एकच नाव वर्षानुवर्षे सांभाळणारा उघडा पडतो.

४

आता अधिक गंभीर आक्षेपाकडे वळू. किर्केगार्द यांनी १८४६ साली आपल्या युगाची चिकित्सा करताना वृत्तपत्रांनी निर्माण केलेल्या 'जनता' नावाच्या अमूर्तावर बोट ठेवले होते : तिच्यात सर्व जण सर्व विषयांवर मत देतात आणि कोणीच कशाला बांधून घेत नाही. ह्यूबर्ट ड्रायफस यांनी २००१ साली इंटरनेटविषयीच्या आपल्या पुस्तकात हीच चिकित्सा नव्या माध्यमाला लावली. जेथे धोका नाही तेथे बांधिलकी नाही, आणि जेथे बांधिलकी नाही तेथे अर्थ नाही, असा त्यांच्या युक्तिवादाचा गाभा आहे.

या युक्तिवादात बरेच तथ्य आहे. आपला काळेवाडीचा माणूस रात्री अकराला एखाद्याचा संगणक दुरुस्त करून देतो आणि साडेअकराला राजकारणावरील वादात शिरून त्याच माणसाचा उद्धार करतो, हे दृश्य दुर्मीळ नाही. दुसऱ्या प्रसंगाला ड्रायफस यांचे म्हणणे तंतोतंत लागू पडते. पहिल्याला ते का लागू पडत नाही? कारण पहिल्या प्रसंगी जगच मधे पडते. मताला कसोटी नसते; उपायाला असते. यंत्र चालू होते किंवा होत नाही, आणि 'तुमच्या उपायाने बिघाड वाढला' असे प्रश्नकर्ता चारचौघांत सांगू शकतो. हा धोका प्राणांतिक नाही हे खरे. पण कोणत्याही कारागिराला तो परिचित आहे. सुताराला चौकट बसल्यावरच कळते. बांधिलकी केवळ जिवावरच्या जोखमीतून जन्मते असे मानणे हे वीरांचे नीतिशास्त्र झाले. कारागिराचे नीतिशास्त्र दाराच्या फटीत असते.

पण मग याच कारागिराविषयी एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. कारखान्यात जुना फिटर आपली 'सेटिंग'ची खुबी नव्या पोराला सहजासहजी सांगत नाही, हे औद्योगिक वसाहतीत सर्वांना माहीत असते. ती खुबी हीच त्याच्या नोकरीची हमी असते. विशेषतः जेथे कायम कामगारांच्या जागी कंत्राटी कामगार येत राहतात तेथे. आपला हौशी माणूसही दिवसा तसाच वागत असण्याची शक्यता आहे. शेजारच्या यंत्रावरच्या सहकाऱ्यापासून जे तो राखून ठेवतो, ते न्यू जर्सीच्या अनोळखी माणसाला फुकट देतो. याला दुटप्पीपणा म्हणावे काय? मला वाटते, येथे माणसाच्या स्वभावापेक्षा व्यवस्थेचा दोष अधिक आहे. एका जागी ज्ञान हे मजुरीचे तारण आहे, म्हणून ते साठवले जाते. दुसऱ्या जागी ते प्रतिष्ठेचे आणि आनंदाचे साधन आहे, म्हणून ते वाटले जाते. रिचर्ड टिटमस यांनी १९७० साली रक्तदानाचा अभ्यास करताना दाखवले होते की, ब्रिटनमध्ये माणसे अनोळखी माणसासाठी मोबदल्याविना रक्त देतात, तर अमेरिकेत त्याच्या मोठ्या भागाची खरेदी-विक्री होत होती. आणि विकणाऱ्याला आपला आजार लपवण्याचे कारण असते, देणाऱ्याला नसते. औदार्य आणि सत्य यांचा हा संबंध विचार करण्याजोगा आहे. ज्याला माझ्याकडून काही मिळवायचे नाही, त्याला मला फसवण्याचेही कारण नाही. हौशी माणसाच्या उत्तरावर आपण विसंबतो ते यामुळेच.

याहून अवघड प्रश्न घरातलाच आहे. अनोळखी माणसाने चौथ्यांदा तोच प्रश्न विचारला तर जो शांतपणे पुन्हा समजावतो, तोच माणूस स्वतःच्या आईने 'फोटो पाठवायचा कसा रे?' असे दुसऱ्यांदा विचारले की कावतो. तिच्या हातातला फोन ओढून घेतो, दोन सेकंदांत काम करून परत देतो आणि शिकवत मात्र नाही. दूरच्या तार्तरांवर प्रेम करणारा तत्त्वज्ञ शेजाऱ्यावर प्रेम करण्याची सक्ती टाळत असतो, असा टोला रूसो यांनी १७६२ मध्ये 'एमिल'च्या आरंभी मारला होता. तो येथे नेमका बसतो. अनोळखी माणसाशी नाते आपण निवडतो, त्याला वेळेची मर्यादा असते, आणि त्यात आपण जाणकार म्हणूनच उभे असतो. आईपुढे आपण केवळ जाणकार नसतो. तिने आपल्याला बोट धरून अक्षरे गिरवायला शिकवलेली असतात. तेथे उत्तर देणे म्हणजे उतराई होणे, आणि ऋण फेडताना मिरवता येत नाही.

शिवाय ही हौस ज्या वेळात फुलते तो वेळ कोठून येतो? घर झोपल्यानंतरचा निवांतपणा त्याच्या वाट्याला येतो, कारण उद्याच्या डब्याची भाजी निवडून ठेवण्याचे काम दुसऱ्या कोणाच्या वाट्याला गेलेले असते. हौस ही मोकळ्या वेळेची लेक आहे आणि मोकळा वेळ घरोघरी समान वाटला गेलेला नाही. हौशी माणसाच्या औदार्याचा गौरव करताना त्या औदार्याचा खर्च कोणाच्या खात्यावर पडला हे न पाहणे, म्हणजे अर्धाच हिशेब मांडणे होय.

५

एवढ्या मर्यादा ध्यानात घेतल्यानंतरही काही शिल्लक उरते, आणि त्याला नाव देणे आवश्यक आहे. अनोळखी माणसाला दिलेल्या उत्तराला 'दान' म्हणता येत नाही. दान पात्र पाहून दिले जाते आणि दाता मोठा होतो. 'विनिमय'ही म्हणता येत नाही. परतफेड ठरलेली नसते. पारंपरिक 'ऋषिऋण' ही कल्पना जवळची वाटते, पण ते ऋण ज्यांना अध्ययनाचा अधिकार होता त्यांच्यापुरतेच होते. ज्याला ज्ञान मिळूच दिले नाही त्याच्यावर ऋषींचे ऋण कसले?

मला अधिक समर्पक वाटते ती पुण्यातलीच एक कृती. १८६८ साली जोतीराव फुले यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. त्या कृतीसाठी मोजलेली सामाजिक किंमत आणि रात्री अकराला लिहिलेले तांत्रिक उत्तर यांची तुलना करणे हास्यास्पद ठरेल. ती करावयाची नाही. तुलना आहे ती कृतीच्या घडणीची. हौद खुला करणारा पिणाऱ्याची परीक्षा घेत नाही, त्याचे नाव विचारत नाही, त्याने आभार मानावेत अशी अट घालत नाही. पाणी 'देणे' आणि हौद 'खुला करणे' यांत हा फरक आहे. हौशी माणसाचे उत्तरही एकासाठी लिहिलेले असते, पण नंतर वाटेल त्याने येऊन वाचावे असे ते उघड्यावर ठेवलेले असते. त्याचे औदार्य या उघड्यावर ठेवण्यात आहे.

पण हौदाला देखभाल लागते, आणि हौद ज्या जमिनीवर आहे ती कोणाची हा प्रश्नही असतो. ज्या जागांवर माणसांनी वर्षानुवर्षे उत्तरे लिहिली त्या जागा बहुधा त्यांच्या नव्हत्या. जिओसिटीज २००९ साली मिटले. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. याहूचे गट २०२० साली संपले. त्यांबरोबर कितीतरी संभाषणे नाहीशी झाली. नंतर या साठ्यांना अचानक किंमत आली. २०२४ साली रेडिटने गूगलशी आणि स्टॅक ओव्हरफ्लोने ओपनएआयशी करार केले आणि हौशी माणसांची संचित उत्तरे भाषा-प्रारूपे घडवण्यासाठी उपलब्ध झाली. स्टॅक ओव्हरफ्लोवरील काही सभासदांनी निषेध म्हणून आपली उत्तरे पुसण्याचा प्रयत्न केला. स्थळाच्या व्यवस्थापनाने ती पूर्ववत केली. 'आम्ही पाणी सर्वांसाठी ठेवले होते, बाटल्या भरून विकणाऱ्यांसाठी नव्हे', अशी त्या निषेधामागची भावना सांगता येईल. तिला उत्तर असे की, ज्याने पिणाऱ्याचे नाव विचारायचे नाही असे ठरवले, त्याला बाटलीवाल्याचेही विचारता येत नाही. हा पेच खरा आहे आणि तो केवळ मोबदल्याच्या भाषेत सुटणार नाही.

मोबदल्याची भाषा बाजूला ठेवून पाहिले तर काय दिसते? आज काळेवाडीतली ती आई आपला प्रश्न मुलाला न विचारता फोनमधल्या यंत्रालाच, मराठीतून, विचारू शकते. यंत्र कावत नाही. दहा वेळा विचारले तरी त्याच सौम्य सुरात सांगते. त्या सौम्य सुरात कोण जाणे किती अनाम हौशी माणसांच्या रात्री मिसळलेल्या असतील. कदाचित तिच्या मुलाच्याही. यात वाईट काय, असे कोणी विचारले तर प्रामाणिकपणे म्हणावे लागेल की सहनशीलतेच्या कसोटीवर यंत्र मुलापेक्षा सरस ठरले. मुलाने हे शरमेने मान्य करावे. हौद आणखी मोठा झाला आणि ज्यांना विचारायचीही चोरी होती त्यांची तहान भागली, तर हौद खुला करणाऱ्याने दुःख करण्याचे कारण नाही.

गमावले जाते ते वेगळेच आहे. यंत्राचे उत्तर चुकले तर त्या उत्तराकडे परत येणारे कोणी नसते. 'जमले का ते कळवा' हे वाक्य यंत्रही लिहू शकते. पण कळवले नाही तर त्याला चुटपुट लागत नाही. पाच वर्षांनी 'हा उपाय आता लागू नाही' अशी ओळ लिहिण्यासाठी ते उठत नाही. यंत्र बनवणारी संस्था कायद्याने जबाबदार धरता येईल, धरलीही पाहिजे. परंतु कायद्याची जबाबदारी आणि ज्याने उत्तर दिले त्याने त्या उत्तरामागे उभे राहणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. उत्तरे विपुल झाली आणि उत्तरदायी माणसे विरळ झाली, अशी ही अवस्था आहे. साहित्याच्या अभ्यासकाला ती अपरिचित वाटू नये. कर्त्याला संहितेतून हद्दपार करणारे सिद्धान्त आपण आस्थेने शिकलो आणि शिकवले. संहिता कोणाची हा प्रश्न गौण आहे असे आपण म्हणत आलो. अर्थनिर्णयापुरते ते बरोबर असेलही. पण संहिता चुकली तर कोणाकडे जायचे, हा प्रश्न अर्थाचा नाही, नीतीचा आहे, आणि तेथे कर्ता अजून मेलेला नाही. निदान मरू देणे आपल्याला परवडणारे नाही.

म्हणून हौशी माणसाची गरज संपली असे मी मानत नाही. तिचे स्वरूप बदलले आहे एवढेच. माहिती पुरवणे हे त्याचे वैशिष्ट्य यापुढे राहणार नाही. आपण सांगितलेल्या गोष्टीला एका नावाने, मग ते घेतलेले का असेना, बांधलेले राहणे आणि ती शिळी झाली की परत येऊन तसे सांगणे, हे मात्र त्यालाच करावे लागेल. जे तो नागपूरच्या अनोळखी माणसासाठी करतो ते त्याने शेजारच्या यंत्रावरच्या सहकाऱ्यासाठी आणि पलीकडच्या खोलीत फोन हातात धरून बसलेल्या आईसाठीही करावे, एवढी अपेक्षा नीतिशास्त्राने त्याच्याकडून ठेवण्यास हरकत नाही. तिला शिकवताना वेळ अधिक लागेल, टाळी मिळणार नाही. मात्र उद्या ती पुन्हा विचारील आणि विचारायला तिला माणूस असेल.